शालूच्या नावानं आंघोळ

१

दुपारचे साडेतीन वाजले की मच्छिंद्र पंपाच्या शेडात शिरायचा, पत्र्याचं दार ओढून घ्यायचा आणि खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून मोबाइल उघडायचा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर तो रखवालदार होता. तुरीच्या प्लॉटांत गुरं शिरू द्यायची नाहीत, शेंगा तोडणाऱ्यांना हाकलायचं, आणि साहेबांनी विचारलं की कुठल्या ओळीत किती झाडं उभी आहेत ते मोजून सांगायचं, एवढं त्याचं काम. कामाला चोख, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या सायकलीचा आवाज आला की केंद्रावरची कुत्रीसुद्धा वाट सोडतात, अशी थट्टा चालायची, अर्थात त्याच्या माघारी.

शेडात तो काय करतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. तो फुटबॉल बघायचा, आणि तोही बायकांचा. हावड्याच्या नवज्योती क्लबाचा एकही सामना त्यानं त्या हंगामात चुकवला नाही. त्या क्लबात त्याची एकुलती एक मुलगी शालू खेळायला गेली होती, आणि शालू त्याच्या लेखी मेलेली होती.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मार्गशीर्षात टेंभुर्णीचे पाहुणे कुंकू लावायला येणार होते. साडी, नारळ, पेढे घेऊन एका जीपमधून अकरा माणसं आली. शालू त्याच पहाटे बॅग उचलून स्टेशनावर गेली होती. क्लबाचं बोलावणं आलं होतं आणि दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. पाहुणे चहा न घेता उठले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं चपला घालता घालता विचारलं, पोरगी तुमच्या धाकात नाही का? मच्छिंद्रच्या डोक्यात तिडीक गेली. तो तडक गल्लीच्या हापशावर गेला आणि सगळ्यांदेखत अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी घेतलं, घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं.

"शालू मेली," तो म्हणाला. "तिच्या नावानं आंघोळ केली म्या."

त्याची बायको द्वारकाबाई जिभेनं त्याच्याहून तिखट. जित्या लेकीच्या नावानं पाणी घेणाऱ्या बापाला तिनं त्याच हापशावर असं काही धुतलं की गल्लीतल्या बायांनी कानांवर पदर घेतले. त्या घरात तिघंही तापट होते. तीस वर्षांच्या संसारात द्वारकाबाईनं त्याची एक गोष्ट वाद घातल्याशिवाय ऐकली नव्हती, आणि शालू दोघांच्या वर होती.

२

पहिला सामना जानेवारीत झाला. मच्छिंद्र बघायला बसला तो शालू हरावी म्हणूनच. तोंडावर पडावी, मग बापाची आठवण येईल, असा त्याचा हिशेब होता.

सुरुवातीला खेळाडूंच्या नावांची यादी आली. इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत तो वाचेपर्यंत यादी सरकून गेली. त्यात शालूचं नाव काही दिसलं नाही. पण सामना सुरू झाला आणि डाव्या बाजूला, रेषेच्या आत, पाठीवर सतरा आकडा घेऊन शालू पळताना दिसली. लेकीची चाल बापाला ओळखू येणार नाही तर कोणाला? डावा खांदा जरा पुढं काढून पळायची तिची जुनी सवय होती.

विसाव्या मिनिटाला समोरच्या संघातल्या एका दांडग्या पोरीनं तिला धडक दिली. शालू आडवी झाली. रेफरीनं शिट्टी वाजवली नाही. मच्छिंद्र पोत्यावरून अर्धवट उठला, कारण आता काय होणार ते त्याला माहीत होतं. जालन्याला जिल्ह्याच्या सामन्यात असंच झालं होतं, तेव्हा शालूनं रेफरीला मैदानभर पळवलं होतं आणि लाल कार्ड खाऊनही बाहेर जायला तयार नव्हती.

ती उठली. गुडघ्याची माती झटकली. दांडग्या पोरीकडं बघून हसली, मान खाली घातली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

ती तोंडावर पडली याचा मच्छिंद्रला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, भांड की!" तो शेडात एकटाच ओरडला. आपल्या रक्ताची पोरगी अशी मुकाट मार खाऊन घेते, याची त्याला लाज वाटली.

३

पुढच्या सामन्यांत आणखी एक गोष्ट त्याला खटकू लागली. शालूकडं कोणी चेंडू देत नव्हतं. ती मोकळी उभी असायची, हात वर करायची, आणि चेंडू तिच्या दोन हातांवरून दुसरीकडं जायचा. गोल झाला की बाकीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. शालू चार पावलं लांब उभी राहून बघायची. महाराष्ट्राची म्हणून वाळीत टाकली असेल, असं त्याला वाटलं आणि त्यानं त्या क्लबाचा उद्धार केला.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सामन्यात कॉर्नर मिळाला. कॅमेरा वरून होता आणि सगळे खेळाडू एकाच चौकटीत आले. झाडं मोजून मोजून मच्छिंद्रच्या डोळ्यांना वळण लागलं होतं. बघितलं की आकडा आपोआप डोक्यात यायचा. नवज्योतीच्या अकराऐवजी बारा पोरी होत्या.

त्यानं डोळे चोळले. पुन्हा कॉर्नरची वाट बघितली. दुसऱ्या वेळी गोलकीपर धरून बोटांवर मोजल्या. बाराच. मोबाइल लहान, नेटवर्क अडखळतं, एखादी दोनदा दिसली असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. रेफरी काय आंधळे असतात का? बारा जणी खेळल्या असत्या तर बोंब झाली नसती का? हे सगळं त्याला पटलं. तरी त्या संध्याकाळी तुरीच्या ओळी मोजताना त्याचा आकडा पहिल्यांदा चुकला.

पण खरी गोष्ट निराळीच होती आणि ती सांगायलाच पाहिजे. मच्छिंद्रला आता त्या पोरीची सवय होऊ लागली होती. सामना सुरू झाला की तो तिला शिव्या घालायला सुरुवात करी. टेंभुर्णीच्या पाहुण्यांपुढं कशी मान खाली गेली, केंद्रावर लोक माघारी काय बोलतात, तुझ्या मायनं कसं मला जेवण वाढणं सोडलं, सगळं तो तिच्यावर ओतायचा. आणि सतरा नंबर रेषेजवळ उभी राहून, मान खाली घालून, ऐकत असल्यासारखी दिसायची. आयुष्यात कोणी त्याचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. दीड तासानं तो शेडातून बाहेर पडायचा तेव्हा त्याला हलकं वाटायचं.

४

स्टेशनच्या रस्त्याला रशीदचं पंक्चरचं दुकान होतं. त्यानंच शालूला लहानपणी फुटबॉल शिकवला, म्हणून मार्गशीर्षापासून मच्छिंद्रनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. पण मार्चमध्ये एका सामन्याच्या दिवशी त्याला राहवलं नाही. सामना सुरू असतानाच तो सायकल घेऊन दुकानावर गेला आणि बोलणं सुरू केलं ते भांडणानंच. माझी पोरगी नासवलीस, आता तिला कोणी चेंडूसुद्धा देत नाही, आणि तू इथं मजेत ट्यूब घासत बसलास, वगैरे.

रशीदनं हात पुसले. "कोणाला चेंडू देत न्हाई, मच्छिंद्रभाऊ?"

"शालूला. अजून कोणाला?"

"शालू कुठं खेळून राह्यली? एक मिनिट न्हाई खेळली ती. हॉस्टेलमध्ये पडून हाय. तुम्ही पाणी घेतलं, त्याच दिवसापासून. अंग थंडगार, उभं राहवत न्हाई. सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघत न्हाई. तुम्हाला सांगू नको म्हणली, कसम घातली मला."

मच्छिंद्र संतापला. खोटारडा म्हणून त्यानं रशीदच्या तोंडासमोर मोबाइल धरला. रशीदनं आपला मोबाइल काढला, तोच सामना लावला आणि दोन्ही मोबाइल फळीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडं चेंडू एकाच वेळी उडाला, एकाच वेळी पडला. रशीदच्या मोबाइलवर डाव्या रेषेजवळ नुसतं गवत होतं. मच्छिंद्रच्या मोबाइलवर तिथं सतरा नंबर उभी होती आणि ती चेंडूकडं बघत नव्हती.

रशीदनं दोन्ही पडदे आळीपाळीनं बघितले. मग त्यानं मच्छिंद्रचा मोबाइल उचलून पालथा ठेवला.

"हे बघू नका," तो म्हणाला. "सामना झाला की दोन दोन दिवस तिला बसवत न्हाई, म्हणते ती. मला वाटायचं, खेळायला मिळत न्हाई म्हणून जीव जळतो. पाणी तुम्ही घेतलं, ते कसं फेडायचं तुम्हीच जाणा. पण पोरीला फोन करा. जल्दी करा. चाळीस किलोची ऱ्हायली न्हाई ती."

५

त्या रात्री मच्छिंद्रला घास गेला नाही. आपल्या रागानं पोरगी मरते आहे, एवढं त्याला कळलं होतं, आणि ते कळल्यामुळं तो स्वतःवर, रशीदवर, टेंभुर्णीच्या म्हाताऱ्यावर, साऱ्या जगावर चिडला होता. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई हापशावर गेली तेव्हा त्यानं तिचा मोबाइल घेतला आणि शालूला लावला. त्याचा नंबर शालूनं केव्हाच बंद करून टाकला होता.

"माय?" पलीकडचा आवाज इतका बारीक होता की त्याला आधी ओळखूच आला नाही.

तो नुसता खाकरला. शालूला काय ते समजलं.

"आबा हाय का? बोला की. मेलेल्या माणसाशी बोलायला काय भेव वाटून राह्यलं? तुम्ही गल्लीत जाऊन सांगा आधी, म्या जिती हाय म्हणून. मंग फोन करा."

एवढं बोलताना तिला तीनदा दम लागला. कोणाही बापाचं काळीज फाटलं असतं. मच्छिंद्रचंही फाटलं, पण त्याच्या आधी राग आला, कारण तो नेहमी आधीच यायचा. मलाच अटी घालते? त्यानं फोन कापला.

आणि दोन दिवसांनी, रशीदनं बजावलं होतं तरी, तो पुन्हा शेडात गेला. एकदाच बघू, असं मनाशी म्हणत त्यानं सामना लावला. सतरा नंबर आज डाव्या रेषेवर नव्हतीच. ती अलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली उभी होती. खेळ तिच्या पाठीमागं कुठंतरी चालला होता. तिनं जर्सीची कड मागून वर ओढली आणि पदरासारखी डोक्यावर घेतली. मग दोन्ही हात जोडले.

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. जे फोनवर म्हणायचं होतं, जे म्हणायला त्याची जीभ तीन महिने वळली नव्हती, ते या मुकाट पोरीपुढं सहज बाहेर पडलं.

"झालं गेलं जाऊ दे," तो म्हणाला. "ये घरी, बाय."

तिनं मान डोलावली.

६

हंगामाचा शेवटचा सामना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होता. शेडाचा पत्रा तापून चटके देत होता. मच्छिंद्रनं पहिल्याच कॉर्नरला मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. सतरा नंबर कुठंही नव्हती. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं मोठ्यानं नवज्योतीच्या नावानं शिट्टी मारली. गेली म्हणजे गेली पीडा. आता संध्याकाळी घरी जाऊन द्वारकाबाईच्या समोर शालूला फोन लावायचा आणि ती घालेल त्या शिव्या ऐकून घ्यायच्या, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात द्वारकाबाईचाच फोन आला.

"घरी या," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, कोणीतरी जवळ बसलेलं असताना बोलावं तसा दबका होता. "शालू आली."

सायकल त्यानं कशी चालवली, त्याचं त्यालाच कळलं नाही. घराचं दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. तिनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. दुपारी दारात उभी राहिली, सामान नाही, काही नाही, असं ती कुजबुजली. आल्या आल्या मायचं लुगडं नेसली आणि चुलीपुढं बसली.

"पाणी बी पिली न्हाई. डोळे वर केले न्हाईत," द्वारकाबाई म्हणाली. "म्या मुद्दाम चार शब्द टाकले, बापावर गेलीस म्हणलं, तुझं तोंड जळो म्हणलं. भांडली न्हाई ती. आवो, शालू असं ऐकून घेईन का?"

मच्छिंद्र उन्हातून सायकल हाणत आला होता. त्यानं पाणी मागितलं. द्वारकाबाई आत, कोपऱ्यातल्या माठाकडं गेली. तो चौकटीत थांबला. चुलीपुढं पाठमोरी पोरगी बसली होती, डोक्यावर पदर. टोपल्यात भाकरींची चळत लागली होती. पिठाचा डबा मात्र वरच्या फळीवर होता आणि त्याचं झाकण लागलेलं होतं.

त्याच वेळी खिशातला मोबाइल वाजला. रशीद होता, आणि तो ओरडून बोलत होता, कारण मागं कोणीतरी त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होतं. "मच्छिंद्रभाऊ, शालू तुमच्याशी भांडायला मनमाडहून गाडी बदलून आली. आत्ता उतरली. म्या रिक्षात घालून आणून राह्यलो. बिलकुल उभं राहवत न्हाई, पण शिव्या ऐका तिच्या." मग शालूचा आवाज आला, फाटका, धापा टाकणारा, रागानं थरथरणारा. "आबांना म्हणा बाहेर या! म्या त्या घरात पाय ठेवणार न्हाई!"

इतका गोड आवाज मच्छिंद्रनं जन्मात ऐकला नव्हता.

थापण्याचा आवाज थांबला. "आबा," चुलीपुढची पोरगी हळूच म्हणाली, "टेंभुर्णीच्या पाहुण्यांना कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन. बाहेर कोणी आलं तर दार उघडू नका."

एवढं बोलून ती वळली. चेहरा शालूचाच होता, सगळा शालूचा. पण बोलणं संपलं होतं आणि ओठ अजून हलत होते. शब्द आधी येऊन गेले होते आणि तोंड त्यांच्या मागून चाललं होतं.

७

मच्छिंद्र मागच्या मागं बाहेरच्या खोलीत आला, तिथून ओट्यावर. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळत होती. आतलं ते बाहेर येता कामा नये, ते शालूच्या नजरेला पडता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

रिक्षातून रशीदनं शालूला जवळजवळ उचलूनच उतरवलं. एप्रिलच्या उन्हात तिच्या अंगावर दोन चादरी होत्या आणि ती काकडत होती. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते. पण त्या डोळ्यांत जो अंगार होता, तो बघून मच्छिंद्रच्या पायांत बळ आलं. ती हापशाला धरून उभी राहिली.

"हितंच पाणी घेतलं ना?" ती म्हणाली. "मंग हितंच सांगा. सगळ्यांना."

आवाज ऐकून दारं उघडली होती, माणसं बाहेर आली होती. मच्छिंद्रनं कोणाकडं बघितलं नाही. त्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "म्या खोटं पाणी घेतलं," तो ओरडला. रागात ओरडायचा तसाच, पण हा राग पहिल्यांदा बरोबर जागी लागला होता. "माझी पोरगी जिती हाय. तिला मेली म्हणणाऱ्या तोंडाला आग लागो, आणि ते तोंड माझंच हाय."

शालू त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं एक चादर अंगावरून खाली टाकली. त्यानं पुढं होऊन तिचा हात धरला; हात गार होता, पण तळव्यात बारीक ऊब येऊ लागली होती. बाप-लेक तिथंच, हापशाशी, एकमेकांना धरून रडले. रशीदनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"तरी म्या तुम्हाला सोडणार न्हाई," शालू हुंदके देत म्हणाली. "मायला बोलवा. तिच्यासमोर बोलणार हाय म्या. माय कुठंय?"

मच्छिंद्रनं मागं वळून बघितलं. दाराला कडी होती. कडी त्यानंच घातली होती, आणि द्वारकाबाई पाणी आणायला आत गेली होती.

तो ओट्यावर चढला. आत पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला होता, एका लयीत, न थांबता. त्यानं दाराला कान लावला. या बाईला कोणी बाहेरून कोंडलं असतं तर तिनं एव्हाना दार फोडलं असतं आणि कोंडणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या.

"द्वारके," त्यानं हाक मारली. "बाहेर ये."

"जी," आतून द्वारकाबाईचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून, हळू आणि गोड. "तुम्ही म्हणाल तसं."

"काढा की कडी, आबा!" शालू मागून ओरडली.

मच्छिंद्रनं कडीला हात घातला आणि तो हात तिथंच राहिला.